लहरींची चाळणी



औंढा नागनाथाहून वसमतकडे निघाले की वाटेत शिरड शहापूर लागते. मल्लिनाथांच्या जैन क्षेत्रामुळे हे गाव पुष्कळांना ठाऊक आहे. भोवतालचा मुलूख हळदीचा. या गावातल्या कोणत्याही माळवदावर दहा हात तांब्याची तार टांगा आणि स्वतःलाच विचारा, की या घटकेला ह्या तारेवर काय काय येऊन पडत असेल?

आकाशवाणीच्या लहरी पडत असतील. मोबाइलच्या मनोऱ्याच्या पडत असतील. त्याही एका जातीच्या नव्हेत, कोणाची कंपनसंख्या ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, कोणाची १८००, कोणाची २३००. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या दिशादर्शक उपग्रहांच्या लहरी आहेतच. शेजारच्या घरातल्या चार्जरची खरखर आहे, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी आहे. रात्र पडली म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तन पावून दूरदूरच्या मुलखांतली केंद्रेही खाली उतरतात. बिचारी तार कोणालाच नाही म्हणत नाही. सगळ्यांची मिळून तिच्यात एकच सरमिसळ होते.

आपण म्हणतो, रेडिओ ऐकतो. खरे पाहिले तर ऐकणे हे त्याचे सोपे काम होय. त्याचे खरे कसब नाकारण्यात आहे. हजार लहरींतली एक ठेवायची आणि नऊशे नव्व्याण्णव दारातूनच परत पाठवायच्या, हे काम यंत्रातला जो भाग करतो त्याला शास्त्रज्ञ फिल्टर म्हणतात. आपण त्याला चाळणी म्हणू. आजचे भाषण या चाळणीविषयी आहे. त्यातही, पाहिजे तेव्हा जिच्या भोकांचे माप बदलता येईल अशा चाळणीविषयी, आणि तिच्यासाठी अलीकडे पुढे आलेल्या मेमरिस्टर नावाच्या एका चमत्कारिक कळीविषयी.

आधी चाळणी पाहू. गहू घरात आला म्हणजे आपल्या आयाबहिणी दोन चाळण्या काढतात. मोठ्या भोकांच्या चाळणीत काड्या आणि ढेकळे वर राहतात, गहू खाली पडतो. मग तोच गहू बारीक भोकांच्या चाळणीत घालतात; माती आणि चुरा खाली पडतो, गहू वर राहतो. दोन चाळण्या मिळून मधल्या मापाचा माल हाती येतो. रेडिओतही हेच आहे. एक चाळणी मंद कंपनांना जाऊ देते, दुसरी वेगवान कंपनांना, आणि दोघींच्या संगनमताने मधला नेमका पट्टा निवडला जातो. चौथीही एक आहे, ती नेमके नको असलेले एकच माप काढून टाकते आणि बाकी सारे जाऊ देते. ताटातला एकच खडा वेचावा तशी.

पण लहरींना आकार नाही, मग त्या चाळायच्या कशाने? याचे उत्तर शाळेच्या वर्गात मिळते. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग अवश्य करावा. दोन खिळ्यांमध्ये एक दोरी आडवी, किंचित सैल बांधा. तिला पाच-सहा दगड वेगवेगळ्या लांबीच्या सुतळीने टांगा. मात्र त्यांपैकी दोन सुतळ्या अगदी सारख्या लांबीच्या ठेवा. आता त्या दोघांपैकी एका दगडाला झोका द्या. थोड्या वेळाने दिसेल, की बाकीचे दगड उगाच थोडे हलतात आणि थांबतात, पण सारख्या लांबीचा तो दुसरा दगड मात्र चांगला झुलू लागतो. दोरी एकच, हादरा सगळ्यांना पोचला. परंतु ज्याची लय जुळली त्यानेच तो घेतला. हीच लहरींची चाळणी.

ही गोष्ट शिरड शहापूरकरांच्या दाराशी येऊन ठेपली आहे, हेही जाता जाता सांगतो. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले असून, केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांशी जे आरसे असतात, त्यांना जमिनीचे हादरे लागून चालत नाहीत. म्हणून लायगोच्या रचनेत आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीने टांगतात. एका लोलकाचे वरचे टोक त्याच्या स्वाभाविक लयीच्या दहापट वेगाने हलवले, तर खालच्या गोळ्यापर्यंत त्या हालचालीचा सुमारे शंभरावा भागच उतरतो. हातात सुतळी धरून, मूठ भरभर हलवून पाहा. खालचा दगड जवळजवळ स्तब्ध राहतो. मंद हालचाल जाऊ द्यायची, वेगवान हादरा अडवायचा, अशी ही चाळणीच झाली. रेडिओतली चाळणी विजेची आणि ही दगडाची, एवढाच फरक.

रेडिओत लोलकाची जागा दोन वस्तू घेतात. एक तारेचे वेटोळे आणि दुसरे धारित्र, ज्याला दुरुस्ती करणारे कारागीर कंडेन्सर म्हणतात. कंडेन्सरमधला विद्युतभार वेटोळ्यातून वाहतो, पलीकडे साठतो, पुन्हा परततो. विजेचा झोकाच तो. आणि गणिताची गंमत अशी, की दोघांचा नियमही एका साच्यातला आहे. लोलकाची लांबी चौपट केली की त्याच्या एका झोक्याचा वेळ दुप्पट होतो. कंडेन्सरची धारणक्षमता चौपट केली की विजेच्या झोक्याचा वेळ दुप्पट होतो, म्हणजेच कंपनसंख्या निम्मी होते.

एक हिशेब करू. परभणी केंद्राची मध्यम लहर १३०५ किलोहर्ट्झची आणि मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची, अशी जुन्या श्रोत्यांची ओळख. २०० मायक्रोहेन्रीचे वेटोळे घेतले तर परभणीसाठी सुमारे ७४ पिकोफॅरडचा कंडेन्सर लागेल आणि मुंबईसाठी सुमारे ४०७ पिकोफॅरडचा. कंपनसंख्येत सव्वादोन पटींहून थोडे अधिक अंतर, पण कंडेन्सरमध्ये साडेपाच पटींचे. जुन्या रेडिओचे मोठे बटण फिरवताना आत ॲल्युमिनियमच्या अर्धगोल पात्या एकमेकींत शिरत आणि बाहेर येत, त्या याचसाठी. पात्या पूर्ण आत गेल्या की मुंबईच्या बाजूला, बाहेर आल्या की परभणीच्या बाजूला. भोकांचे माप बदलता येणारी चाळणी आपल्या आजोबांच्या हातांत होती, असे म्हणायला हरकत नाही.

मग आज अडचण कुठे आली? ती मोबाइलमध्ये आली. मोबाइलला एका वेळी कितीतरी पट्टे सांभाळावे लागतात, आणि पात्यांचा तो गठ्ठा त्याच्या पोटात मावत नाही. म्हणून मोबाइलमध्ये निराळीच युक्ती करतात. स्फटिकाच्या पृष्ठावर बारीक धातूच्या रेषा कोरून रेडिओ लहरीचे क्षणभर ध्वनिलहरीत रूपांतर करतात. तो ध्वनी अर्थात कानाला ऐकू येणारा नव्हे. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते; स्फटिकातला हा ध्वनी सुमारे चार किलोमीटर. त्यामुळे ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जी लांबी हवेत सुमारे ३३ सेंटिमीटर असते, ती स्फटिकात केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी होते. एवढीशी, पण अत्यंत नेमकी चाळणी तयार होते.

मात्र तिचे माप कोरलेले असते. रेषांमधले अंतर एकदा ठरले ते ठरले. म्हणून प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र चाळणी घालावी लागते, आणि एका फोनमध्ये अशा चाळण्यांची रांग लागते. याची झळ आपल्याला कशी लागते ती पाहा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या देशात ५जी सेवा सुरू झाली. तिच्यासाठी दिलेल्या पट्ट्यांत ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. ज्या फोनमध्ये त्या पट्ट्याची चाळणीच नाही, त्याच्या पडद्याला तडा नाही, बॅटरी शाबूत आहे, तरी तो त्या पट्ट्यापुरता बहिरा. परमुलुखातून कोणी नातेवाईक चांगला फोन आणतो आणि तो आपल्या गावी अर्धवट चालतो, त्याचेही एक कारण हेच. फोनमध्ये चाळणीखेरीज दुसरे भागही असतात, तेव्हा केवळ चाळणी बदलून सगळा प्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही. परंतु चाळणीचे माप बदलता आले, तर नव्या पट्ट्यासाठी धडधाकट यंत्र टाकून देण्याचे एक मोठे कारण नाहीसे होईल. सुगीचे पैसे मोजून फोन घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट लहान नाही.

आता पात्या न फिरवता माप बदलायचे कसे? किराणा दुकानदाराकडे पाहा. एक किलोची, दोन किलोंची, चार किलोंची आणि आठ किलोंची, अशी चारच वजने त्याच्याकडे असली तरी एकपासून पंधरा किलोंपर्यंत कोणतेही पूर्ण किलोचे माप तो तोलू शकतो. कंडेन्सरचेही असेच करायचे. एक, दोन, चार, आठ अशा चढत्या मापांचे बारीक कंडेन्सर शेजारी शेजारी ठेवायचे आणि प्रत्येकाला एक कळ लावायची. जी कळ चालू, ते वजन पारड्यात. चार कळांनी सोळा मापे होतात, पाचांनी बत्तीस. म्हणजे चाळणीचा प्रश्न अखेर कळीच्या प्रश्नावर येऊन थांबतो. कळ चांगली तर चाळणी चांगली.

चांगली कळ म्हणजे कशी? चालू असताना तिने लहरीला वाटेत अडवू नये. तिच्यात थोडाही विद्युतरोध राहिला तर विजेचा झोका लवकर थांबतो, कड्या गंजलेल्या झोपाळ्यासारखा, आणि चाळणीची भोके फाकतात. बंद असताना तिच्यातून काही झिरपू नये. आणि तिसरी अट अशी, की चालू किंवा बंद राहण्यासाठी तिने सतत वीज खाऊ नये.

ही तिसरी अट शेतकऱ्याला पाटावर चटकन समजेल. सिद्धेश्वर धरणाच्या पाटाचे पाणी शेतात घेताना आपण दारे धरतो. फावड्याने मातीचे दार मोडले की पाणी वाफ्यात जाते. माती ओढून दार बांधले की थांबते. दार एकदा मोडले किंवा बांधले, की माणूस पुढच्या सरीवर जायला मोकळा. माती आपल्या जागी तशीच राहते. आता कल्पना करा, की दार मातीचे नसून स्प्रिंगचे आहे, आणि ते उघडे राहावे म्हणून एका गड्याने तिथे हाताने धरून उभे राहायला हवे. दहा दारे असली तर दहा गडी अडकले. रेडिओ लहरींसाठी पिन डायोड नावाची जी जुनी कळ वापरतात, ती अशी आहे. चालू राहण्यासाठी तिच्यातून दहा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सतत सोडावा लागतो. अशा दहा कळा म्हणजे १०० मिलिअँपिअर. ४,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी नुसती दारे धरण्यातच चाळीस तासांत संपेल. मोबाइलमध्ये म्हणून सिलिकॉनच्या निराळ्या कळा वापरतात. त्या फार कमी विजेवर चालतात, पण त्यांनाही आपली स्थिती टिकवायला विजेचा आधार लागतोच. वीज गेली की दार सुटले.

मातीच्या दारासारखी विजेची कळ सापडली तर? मेमरिस्टर ही तशी कळ आहे. मेमरी म्हणजे स्मृती आणि रेझिस्टर म्हणजे रोधक. आपण तिला स्मृतिरोधक म्हणू शकतो. १९७१ साली अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक लिऑन च्युआ यांनी कागदावर असे दाखवले, की रोधक, धारित्र आणि वेटोळे या तीन मूलभूत घटकांच्या पंक्तीत चौथ्याची जागा रिकामी आहे. त्यातून किती वीज पूर्वी गेली, यावर त्याचा आजचा रोध अवलंबून राहील. पुढे २००८ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतील स्टॅन्ली विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिशय पातळ थरात असे वागणारी वस्तू दाखवली. हीच ती च्युआंची वस्तू की तिची मावसबहीण, यावर विद्वानांत वाद आहेत. असो. कळ म्हणून तिचा उपयोग त्या वादावर अडत नाही.

आणि गंमत पाहा, अशी आठवण ठेवणारी वस्तू रेडिओच्या जन्माच्या वेळीच हजर होती! १८९० साली फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. जवळपास विजेची ठिणगी पडली की त्या किसाचा रोध एकाएकी उतरे, आणि ठिणगी विझली तरी उतरलेलाच राही. नळीला टिचकी मारली म्हणजे तो पूर्ववत होई. ठिणगीची आठवण कीस जपून ठेवत असे, आणि टिचकीने ती पुसली जाई. त्या काळी ही आठवण अडचणीची वाटे, कारण प्रत्येक खुणेनंतर नळी ठोकावी लागे. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी आपोआप पूर्वपदावर येणारी रचना करण्यासाठी परिश्रम घेतले ते याचसाठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जो दोष होता, तोच आज गुण म्हणून हवा आहे.

आजच्या मेमरिस्टर कळीत दोन धातूंच्या टोकांमध्ये एक अत्यंत बारीक फट किंवा विद्युतरोधी थर असतो. एका दिशेने विजेचा छोटासा झटका दिला की चांदीसारख्या धातूचे कण सरकत सरकत त्या फटीत एक तंतू विणतात. तंतू जुळला की कळ चालू. उलट दिशेने झटका दिला की तंतू तुटतो, कळ बंद. मधल्या काळात वीज नको. माणसे चालून चालून पायवाट पडते आणि रात्री कोणी चालत नसले तरी ती तिथेच असते, तसा हा तंतू.

याची मोजमापेही झाली आहेत. अमेरिकेतील ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली रेडिओ लहरींसाठी अशा कळा करून दाखवल्या. ४० गिगाहर्ट्झ इतक्या प्रचंड कंपनसंख्येलाही चालू कळीतून शंभरातले सुमारे ९३ भाग शक्ती पार जाई, आणि बंद कळीतून हजारात एकच भाग झिरपे. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात २०१८ साली मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच पदराची कळ तयार झाली. त्याच वर्षी इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेतील संशोधकांनी वेटोळ्याचेच माप मेमरिस्टरने बदलण्याची कल्पना मांडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मेमरिस्टरच्या पदार्थांवर बरेच संशोधन झाले आहे. तेव्हा ही विद्या मराठी मुलांच्या हाताबाहेरची नाही.

आता अशी चाळणी योजायची कशी, ते आपल्या मघाच्या हिशेबावरच पाहू. मेमरिस्टरचे खरे क्षेत्र शेकडो मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही पुढे आहे. परंतु मध्यम लहरींचे आकडे आपल्या ओळखीचे, म्हणून समजायला सोपे. ७४ पिकोफॅरड कायमचे ठेवू. वर ११, २२, ४४, ८८ आणि १७६ पिकोफॅरडची पाच वजने, प्रत्येकाला एक कळ. सगळ्या कळा बंद ठेवल्या तर कंपनसंख्या सुमारे १३०८ येते, म्हणजे परभणीच्या जवळ. पहिली ११ ची कळ सोडून बाकी चारही चालू केल्या तर ४०४ पिकोफॅरड होऊन सुमारे ५६० येते, म्हणजे मुंबईच्या जवळ. छान जमले असे वाटते.

पण शिक्षकांनी येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे, की परभणीच्या बाजूला एक पायरी उतरलो तर कुठे पोचतो? ७४ चे ८५ झाले की १३०८ वरून एकदम १२२० वर. मधली अठ्ठ्याऐंशी किलोहर्ट्झची जागा हातून निसटली. आणि मध्यम लहरींवर केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात! उलट मुंबईच्या बाजूला तीच पायरी फक्त आठ किलोहर्ट्झची पडते. कारण उघड आहे. पाच शेरांच्या पोत्यात पावशेर घातला तर फार कळत नाही, पण अर्ध्या शेरात घातला तर माप दीडपट होते. म्हणून बारीक वजने वाढवली पाहिजेत. आठ कळा केल्या तर परभणीच्या बाजूची पायरी सुमारे बारा किलोहर्ट्झवर येते, तरी पुरत नाही. नऊ कळा केल्या, म्हणजे ५१२ मापे झाली, की ती सहा किलोहर्ट्झवर येते आणि काम भागते. योजना करणाऱ्याने म्हणून चाळणीचे अवघड टोक आधी तपासावे, सोपे टोक नव्हे.

दुसरी अडचण निराळी. कळ चालू-बंद करण्याचा झटका आणि चाळायची लहर या दोन्ही एकाच तारेने येणार, मग त्यांची गल्लत कशी टाळायची? झटका मंद असतो, लहर वेगवान. झटक्याच्या वाटेवर मोठे वेटोळे बसवावे, त्यातून मंद झटका जातो आणि लहर अडते; लहरीच्या वाटेवर कंडेन्सर बसवावा, त्यातून लहर जाते आणि झटका अडतो. म्हणजे चाळणीचे माप बदलण्यासाठीही दोन छोट्या चाळण्या लागल्या. ज्याची वाट त्याला, ही साधी शिस्त.

या कळीचे गुण सांगितले, आता दोष सांगणे माझे कर्तव्य आहे. तेही मातीच्या दारासारखेच आहेत. एकच दार पुन्हा पुन्हा मोडले-बांधले की तिथली माती भुसभुशीत होते. हा तंतूही ठरावीक वेळा जोडला-तोडला की दगा देऊ लागतो, आणि प्रत्येक वेळी अगदी सारखाच जुळेल असेही नाही. पाटाला मोठा लोंढा आला तर बांधलेले दार आपोआप फुटते. फार जोरदार लहर आली तर बंद कळ स्वतःहून चालू होण्याचे भय असते. म्हणून जिथे माप वारंवार बदलावे लागत नाही आणि लहर दुबळी असते, अशा ग्रहण करणाऱ्या बाजूला ही कळ अधिक शोभेल. मोठ्या प्रक्षेपकाच्या दाराशी तिला बसवणे तूर्त धाडसाचे होईल.

दुबळ्या लहरींचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे घर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, जीएमआरटी नावाने जगभर ओळखली जाणारी रेडिओ दुर्बीण ती हीच. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशस्थ तारकांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की जवळच्या मोबाइलची लहर त्यांच्यापुढे ढोलासारखी. म्हणून तेथे चाळण्यांवाचून चालतच नाही. नव्या रचनेत १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे चार पट्टे आहेत, आणि ८५० ते १०५० च्या मधल्या सोडलेल्या जागेतच मोबाइलचा ९०० चा पट्टा येतो. मूळ रचनेतही सर्वांत वरच्या पट्ट्यासाठी १०६०, ११७०, १२८० आणि १३९० मेगाहर्ट्झवर मध्य असलेल्या, प्रत्येकी १२० मेगाहर्ट्झ रुंद, अशा चार बदलत्या चाळण्या ठेवल्या होत्या. हायड्रोजनची १४२० ची लहर शेवटचीत सापडते. तीस तबकड्या आणि प्रत्येकीत दोन मार्ग, म्हणजे एक चाळणी वाढवायची तर साठ करायच्या. या कामासाठी मेमरिस्टर लागले नाहीत. परंतु एकच चाळणी हवे ते माप घेईल, तर अशा ठिकाणी केवढा भार हलका होईल, हे या साठच्या गुणाकारावरून दिसते.

आणि खोडदच आपल्याला चाळणीची मर्यादाही शिकवते. गव्हाच्याच आकाराचा खडा कोणत्याही चाळणीतून निघत नाही. तो हाताने वेचावा लागतो, किंवा मुळात खळ्यात येऊ द्यायचा नाही. हव्या असलेल्या लहरीच्याच कंपनसंख्येवर जर गोंगाट येऊन बसला, तर मेमरिस्टरची काय, कोणतीच चाळणी त्याला वेगळे करू शकत नाही. दुर्बिणीसाठी खोडदची जागा निवडताना तिथे रेडिओचा गोंगाट कमी आहे, हे म्हणूनच पाहिले गेले.

आपल्या गावालाही हा धडा लागू आहे. मध्यम लहरींवरचे केंद्र लावा, आणि खरखर येऊ लागली की घरातले दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करा. गावाची वीज गेली म्हणजे सेलवरचा रेडिओ एकदम स्वच्छ बोलतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. त्याचा अर्थ खरखर आकाशातून येत नव्हती. ती आपल्याच भिंतीवरच्या हलक्या प्रतीच्या चार्जरमधून किंवा दिव्यातून येत होती. विद्यार्थ्यांकडून ही नोंद वहीत करून घ्यावी, कोणती वस्तू बंद केली की खरखर किती कमी झाली. आकाश हे गावच्या पाणवठ्यासारखे आहे. पाणी गाळून पिण्याची सोय कितीही सुधारली, तरी पाणवठ्यात घाण टाकायची नाही, हा नियम सुटत नाही.

तेव्हा नवी कळ येवो; ती टिकाऊ होवो आणि स्वस्त होवो. तिच्यामुळे एका चाळणीला अनेक मापे येतील, वीज वाचेल, चांगली यंत्रे अकाली अडगळीत जाणार नाहीत. निवडण्याचे काम ती अधिक हुशारीने करील. पण निवडण्याजोगे काही शिल्लक ठेवणे, हे काम कोणत्याही कळीचे नाही. ते आपले सर्वांचे आहे.